यंत्रांची उष्णता आणि शिरूरचे पाणी

रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत रेफ्रिजरेटर तयार होतात. थंडावा निर्माण करता येत नाही. उष्णता एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी टाकता येते, एवढेच त्या यंत्राचे मर्म आहे. घरच्या रेफ्रिजरेटरने टाकलेली उष्णता स्वयंपाकघर निमूटपणे सोसते. परंतु हजारो संगणक अहोरात्र चालविणाऱ्या डेटा सेंटरची उष्णता कोणी सोसावयाची?

महाराष्ट्रात हा व्यवसाय मुख्यतः मुंबई व नवी मुंबईत एकवटला आहे. पुण्याकडेही तो सरकला असून मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्येच येथे आपले केंद्र सुरू केले. केंद्राने २०२२ च्या अर्थसंकल्पात डेटा सेंटरना पायाभूत सुविधेचा दर्जा दिला आणि राज्याने २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात त्यांना सवलती देऊ केल्या. रांजणगावला इलेक्ट्रॉनिक्स उद्योगसमूह २०२२ मध्येच मंजूर झाला आहे. उद्या डेटा सेंटरही या बाजूस आली तर आश्चर्य वाटावयास नको. तेव्हा विचार आधी झालेला बरा.

संगणकाने घेतलेली जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णताच होते. पूर्वी संगणकांच्या एका कपाटास पाच-दहा किलोवॅट पुरत. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणारी नवी कपाटे शंभराच्या पुढे गेली आहेत. एक मेगावॅट उष्णता केवळ बाष्पीभवनाने घालवावयाची तर दिवसाला सुमारे ३५ हजार लिटर पाणी हवेत जाते. वीस मेगावॅटचे केंद्र धरले तर सात लाख लिटर. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने हे साडेबारा हजारांहून अधिक लोकांचे पाणी झाले. पर्जन्यछायेतील शिरूर तालुक्यात, जेथे उन्हाळ्यात कालव्याच्या आवर्तनाकडे डोळे लागलेले असतात, तेथे हा आकडा किरकोळ म्हणता येणार नाही.

यावर युरोपचा दाखला दिला जातो. स्टॉकहोममध्ये व डेन्मार्कमधील ओडेन्स येथे डेटा सेंटरच्या उष्णतेवर घरे ऊबदार होतात. पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या जलतरण केंद्रालाही अशी उष्णता मिळाली. परंतु रांजणगावला घरे तापविण्याची गरज नाही. उष्णतेचा पुनर्वापर मात्र या ऊसपट्ट्याला नवा नाही. साखर कारखान्यात बगॅसच्या वाफेवर आधी वीज होते, मग त्याच वाफेवर रस आटतो आणि एका पात्रातील वाफ पुढचे पात्र तापविते. तेथे उष्णता मागणारा शेजारीच असतो, हे त्या यशाचे कारण. डेटा सेंटरचे पाणी फार तर पन्नास-साठ अंशांपर्यंत तापते. त्यावर गूळ होणार नाही, पण कांदा व भाजीपाला वाळविता येईल. त्यासाठी असा उद्योग शेजारी आणि बारमाही हवा.

मोठा लाभ दुसरीकडेच आहे. हवेऐवजी बंदिस्त नळ्यांतील द्रव थेट चिपपर्यंत नेला, तर तो चाळीस अंशांचा असला तरी काम भागते. मग वर्षातील बहुतेक काळ बाहेरच्या हवेवरच तो थंड होऊ शकतो; पाणी उडवावे लागत नाही. या पद्धतीत भांडवल अधिक लागते आणि वैशाखातील दुपारी पंख्यांची वीजही वाढते. पाणी स्वस्त असेल तोवर उद्योजक ते उडविण्याचाच मार्ग पत्करील. त्यात त्याचा दोष नाही. दोष पाण्याची किंमत न लावणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

जर्मनीने २०२३ च्या कायद्याने नव्या केंद्रांवर उष्णतेच्या काही भागाचा पुनर्वापर करण्याची अट घातली. महाराष्ट्राने ती जशीच्या तशी उचलण्याचे कारण नाही. येथे पहिली अट पाण्याची असावी: पिण्याच्या पाण्याला हात लावू नये, प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरावे आणि खर्चाचा हिशेब दरवर्षी जाहीर करावा. भूखंड देतानाच उष्णता घेणाऱ्या उद्योगाला शेजारी जागा राखणे औद्योगिक विकास महामंडळाला अवघड नाही. वसाहत उभी राहिल्यावर असा शेजार जुळविता येत नाही. सवलती जनतेच्या पैशातून दिल्या जातात. त्यांच्या बदल्यात एवढे मागणे म्हणजे उद्योगविरोध नव्हे.