खिडकीत आकाश भरा

इटलीला निघालेल्या मित्रमंडळींसाठी आपला एकच फंडा : रोमच्या उत्तरेचं एक डोंगरमाथ्यावरचं गाव फोटोसाठी नाही, स्केचसाठी राखून ठेवा. चिविता दी बान्योरेज्जो. ऑर्व्हिएतोपर्यंत ट्रेन, पुढे बान्योरेज्जोपर्यंत बस आणि शेवटी १९६५ मधला लांबलचक पादचारी पूल. २०१३ पासून आत जायला तिकीट पडतं.

पण पूल ओलांडायची घाई नको. अलीकडे, बान्योरेज्जोच्या टोकाला, कठड्यापाशी बसा. शक्यतो दुपारनंतर, तेव्हा ऊन गावाच्या तोंडावर असतं. फोनमध्ये अख्खं गाव दोन सेकंदांत मावतं आणि दिसत काहीच नाही. पेन्सिल मात्र कड्यावर अडकते. वर ज्वालामुखीच्या राखेचा दगड, सरळ तुटलेला. तिथे रेघ कडक हवी. खाली चिकणमाती, पावसाने धुपून घळी पडलेली. तिथे ओला ब्रशच बरा. हे काढता काढता कळतं, खालची माती वाहून जाते म्हणून वरचा दगड घरांसकट ढासळत आलाय. एट्रुस्कन लोकांनी सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी वसवलेलं हे गाव, आता कायमचे रहिवासी मूठभर.

आत गेलात की एका जुन्या वाड्याची दर्शनी भिंत शोधा. खिडक्या शाबूत, पण पलीकडे खोलीच नाही. बराचसा वाडा दरीत गेला. खिडकी म्हटली की हात आपसूक गडद रंगाकडे जातो (सवय, दुसरं काय!). इथे निळा भरा. चर्चचा चौक, फुलांच्या कुंड्या सगळेच काढतात, तुम्हीही काढा. ही भिंत मात्र आधी.