जहाल कोणाला म्हणावे?

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती गडचिरोलीत आपल्या ६० साथीदारांसह शरण आला. नक्षलवादी शरण आला वा चकमकीत मारला गेला, की मराठी वृत्तपत्रांच्या मथळ्यांत एक विशेषण हमखास झळकते – ‘जहाल नक्षलवादी’. वाचणाऱ्याला त्यात काही खटकेनासे झाले आहे. परंतु हेच विशेषण शालेय इतिहासात लोकमान्य टिळकांच्या नावामागे लागलेले असते. मुलगा ते पाठ्यपुस्तकात वाचतो, वडील मथळ्यात. दोन्हींचा अर्थ एकच काय, असे त्या मुलाने विचारले तर घरोघरी काय उत्तर मिळेल?

हा शब्द मुळात राजकारणाचा नव्हेच. जहाल विष, जहाल औषध असा त्याचा मराठीतला वावर. जे सौम्य नाही, जे अंगात भिनते, ते जहाल. काँग्रेसमध्ये दोन तट पडले तेव्हा हिंदीने ‘गरम दल’ आणि ‘नरम दल’ म्हटले. मराठीने ‘जहाल’ आणि ‘मवाळ’ ही जोडी निवडली. इंग्रजांचा शब्द होता ‘एक्स्ट्रीमिस्ट’. त्याचे शब्दशः भाषांतर केले असते तर ‘अतिरेकी’ असे झाले असते. त्या शब्दात मर्यादा ओलांडल्याचा आरोप आहे. ‘जहाल’मध्ये केवळ मात्रेची तीव्रता आहे. मराठी भाषेने हा विवेक दाखवला नसता तर आज मुलांना ‘अतिरेकी टिळक’ असा धडा शिकावा लागला असता!

स्वतः टिळकांना या नामकरणाचे काय वाटत होते? २ जानेवारी १९०७ रोजी कलकत्त्याच्या भाषणात त्यांनी या दोन शब्दांचाच समाचार घेतला. हे शब्द कालसापेक्ष आहेत, काँग्रेसच्या प्रारंभी दादाभाई नौरोजीदेखील ‘एक्स्ट्रीमिस्ट’च ठरले होते आणि आजच्या जहालांना त्यांची मुले उद्या मवाळ म्हणतील, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. त्यांच्या पक्षाला पसंत असलेले नाव ‘राष्ट्रीय पक्ष’ हे होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सुरतेच्या अधिवेशनात पुणेरी जोडा भिरकावला गेला, काँग्रेस दुभंगली आणि ‘जहाल’ हा शिक्का पक्का झाला.

त्या जहालपणाचा कार्यक्रम कोणता होता? स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण. टिळक मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात बसले होते, आणि ‘भारतीय असंतोषाचे जनक’ म्हणून बदनामी करणाऱ्या चिरोलविरुद्ध ते लंडनच्या न्यायालयात लढले. मुझफ्फरपूरच्या बाँबनंतर ‘केसरी’त लिहिलेल्या लेखांबद्दल १९०८ मध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली हे खरे, पण त्या लेखांचा रोख बाँबचे मूळ सरकारच्या दडपशाहीत आहे, हे सरकारला ऐकवण्याकडे होता. तडजोड नव्हती ती ध्येयाबाबत. साधनांबाबत हा माणूस कमालीचा व्यवहारी होता.

त्यांचे भाकीतही फार लवकर खरे ठरले. १९१९ च्या अमृतसर अधिवेशनात टिळक ‘प्रतियोगी सहकारिते’चा पुरस्कार करीत होते आणि वर्षभरातच असहकाराचे निशाण उभारणारे गांधीजी त्यांच्यापेक्षा जहाल ठरले. तेही कोण, तर मवाळांचे अग्रणी गोपाळ कृष्ण गोखले यांना राजकीय गुरू मानणारे. १ ऑगस्ट १९२० रोजी असहकाराची चळवळ सुरू झाली आणि त्याच दिवशी लोकमान्यांनी देह ठेवला.

जंगलात भूसुरुंग पेरणाऱ्याचा, पोलीस पाटलाला खबऱ्या ठरवून ठार करणाऱ्याचा या परंपरेशी काय संबंध? बातमीदाराला त्याच्या संघटनेतील वरचे स्थान सांगायचे असते, एवढाच बहुधा हेतू असेल. मग ‘वरिष्ठ’ म्हणावे. कृत्य सांगायचे असेल तर ‘सशस्त्र’ आहे, ‘हिंसक’ आहे. मथळ्यात या शब्दांना ‘जहाल’पेक्षा एकही अक्षर जास्त लागत नाही, तेव्हा जागेची सबब उपसंपादकांनी सांगू नये.