शंभर गुणांचा रुग्ण

मेंदूला इजा झालेल्या माणसाची कार्यक्षमता किती परत आली, हे आकड्यांत मांडण्याची पद्धत पुनर्वसन-वैद्यकात आता रूढ झाली आहे. हा प्रांत वैद्यांचा. अर्थशास्त्राच्या जुन्या मास्तराने त्यात लुडबूड का करावी, असे कोणी विचारील. कारण एवढेच, की असा आकडा शेवटी जमाखर्चाच्या वहीत जाऊन बसतो आणि कोणता खर्च कोणाच्या नावे टाकायचा, हे तोच ठरवू लागतो.

1965 साली अमेरिकेत महोनी आणि बार्थेल यांनी प्रसिद्ध केलेला निर्देशांक पाहा. जेवणे, अंघोळ, कपडे घालणे, मलमूत्रावर ताबा, जिना चढणे अशा दहा बाबी आणि कमाल गुण शंभर. शंभर गुण मिळालेला रुग्ण एकटा राहू शकेलच असे नाही. स्वयंपाक, घर चालवणे, चारचौघांत वावरणे त्याला कदाचित जमणार नाही. मदतनीस लागणार नाही एवढाच त्या गुणांचा अर्थ, असे कर्त्यांनी स्वतःच बजावले होते. इशारा विस्मरणात गेला, शंभर मात्र राहिले.

1980 नंतरच्या दशकात तेथेच अठरा बाबींचे दुसरे माप आले. प्रत्येक बाबीला एक ते सात गुण, बेरीज 18 ते 126. त्यांतील तेरा बाबी शरीराच्या आणि पाचच आकलन, अभिव्यक्ती, स्मृती, समाजातील वागणूक व अडचण सोडवण्याच्या. म्हणजे 126 पैकी मनबुद्धीच्या वाट्याला 35! मेंदूच्या इजेत पाय पुष्कळदा परत येतात. परत येत नाही तो विवेक, संयम, सकाळी सांगितलेले दुपारपर्यंत लक्षात ठेवण्याची शक्ती. शिवाय एकपासून सातपर्यंतच्या या पायऱ्या म्हणजे क्रम आहेत, वजने नव्हेत. क्रमांकांची बेरीज करू नये, हे उपयोगितेचा सिद्धान्त शिकणाऱ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही आम्ही सांगत असू.

पण बेरीज केली गेली आणि तिला पैसा जोडला गेला. 2002 पासून अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेत पुनर्वसन रुग्णालयाला द्यावयाची रक्कम ठरवताना याच मापाच्या नोंदी धरल्या जात. 2019 मध्ये त्यांच्या जागी दुसऱ्या नोंदी आल्या. वाढलेल्या गुणांना मुक्कामाच्या दिवसांनी भागून ‘कार्यक्षमता’ काढण्याचीही प्रथा पडली. गिरणीत दर पाळीला किती वार कापड निघाले, हे मोजण्याचीच ही रीत! माप हेच लक्ष्य झाले की ते माप म्हणून निकामी होते, हा ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ गुडहार्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम येथे तंतोतंत लागू पडतो. सुधारणा थांबली म्हणून उपचारांचा खर्च नाकारायचा, या रिवाजाविरुद्ध तेथील रुग्णांना 2011 मध्ये न्यायालयात जावे लागले. आहे ती अवस्था टिकवण्यासाठीही कुशल शुश्रूषा मिळू शकते, हे 2013 च्या तडजोडीत मान्य झाले.

आपल्याकडे तर उलटीच गत. 2022 साली देशात रस्त्यांवरील अपघातांत 1,68,491 माणसे मेली, हे सरकार शेवटच्या माणसापर्यंत मोजून सांगते. त्याच वर्षी सुमारे 4 लाख 43 हजार जखमी झाले. त्यांतले किती जण यंत्रावर परतले आणि किती ओसरीवर बसून राहिले, याचा रकाना त्या अहवालात नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. अपघाती मेंदू-इजा हे नाव त्यांत नाही. वाचा गेली वा हात लुळा पडला, तर त्या दाराने आत शिरता येते. भडकणाऱ्या, विसरणाऱ्या, पण धडधाकट दिसणाऱ्या मजुराने चाळीस टक्क्यांचा दाखला आणावा कोठून? सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये अपघात-भरपाईच्या एका प्रकरणात स्पष्ट केले, की अवयवाच्या हानीचे टक्के म्हणजे कमाईच्या हानीचे टक्के नव्हेत. डावा हात गेलेला सुतार आणि सरकारी कारकून यांचे नुकसान एक नसते. हा विवेक दाखला देणाऱ्या टेबलापर्यंत पोहोचायला हवा.

अधिक माणुसकीचे माप उपलब्ध नाही असेही नव्हे. ग्लासगोच्या जेनेट व बाँड यांनी 1975 मध्ये पाच पायऱ्यांचे एक माप दिले. पुढे त्याच्या आठ पायऱ्या झाल्या आणि 1998 मध्ये त्यासाठी ठराविक प्रश्नावली तयार झाली. त्याला यंत्र लागत नाही; रुग्णाशी किंवा नातेवाइकाशी बोलावे लागते. कामावर परतला का? बाजारहाट, प्रवास जमतो का? घरच्यांशी संबंध कसे राहिले? आणि इजेपूर्वी हे सारे कसे होते? त्यातला एक प्रश्न मला फार मोलाचा वाटतो: दिवसा आठ तास त्याला घरी एकटे ठेवता येते का? आठ तास म्हणजे कामाची एक पाळी. उत्तर ‘नाही’ असेल, तर त्या घरातील बाईचा रोजगार बुडाला, हे कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाला सांगावे लागू नये. रुग्णालयाचा वाचलेला दिवस तिच्या बिनपगारी दिवसांत जमा होतो, आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात त्याचा मागमूस नसतो.

म्हणून आरोग्याच्या प्रश्नावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी जिल्हा रुग्णालयाकडे एक साधी मागणी लावून धरावी. डोक्याला मार लागून दाखल झालेल्या प्रत्येक रुग्णाच्या घरी सहा महिन्यांनी आणि वर्षाने जाऊन ही विचारपूस व्हावी, आणि तिची नोंद दाखला देणाऱ्या मंडळापुढे व भरपाईच्या न्यायाधिकरणापुढे ग्राह्य धरली जावी. हे काम पगारी समाजसेवा अधीक्षकांचे आहे. त्यांच्या रिकाम्या जागा भराव्यात. आशा सेविकांच्या डोक्यावर विनामोबदला आणखी एक तक्ता टाकून ते उरकले जाणार असेल, तर त्यालाही आपला विरोधच असला पाहिजे.