अंधाऱ्या खोलीतलं काम कुणाचं?

लग्नाचा जुना अल्बम उघडा, नाहीतर शाळेचा ग्रुप फोटो बघा. फोटोत बायका असतात, फोटो काढणारा मात्र बहुतेक पुरुषच. कॅमेरा, केमिकल, अंधारी खोली ही काही बायकांची कामं नव्हेत, असं आपणही सहज म्हणून जातो. खरं म्हणजे त्या अंधाऱ्या खोलीत, डार्करूममध्ये, बायका पहिल्यापासून होत्या. नव्हतं ते त्यांचं नाव.

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण तेव्हा त्यांच्याकडे येणाऱ्या फिल्मला कडेची भोकं नसायची. अंधारात बसून ती भोकं पाडायची, रसायनं कालवायची, फिल्म धुवायची, हे काम सरस्वतीबाई फाळक्यांनी केलं. वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही!

होमाई व्यारावाला या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या. सुरुवातीला त्यांचे फोटो छापून यायचे ते नवऱ्याच्या नावाने. पुढे साडी नेसून, स्पीड ग्राफिकसारखा अवजड कॅमेरा सांभाळत त्यांनी दिल्लीत स्वातंत्र्याचे क्षण टिपले. पद्मविभूषण मिळालं ते २०११ साली, वयाच्या ९७व्या वर्षी.

बचत गटाच्या कामात मी हेच बघते. राबते बाई, आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं. म्हणूनच मला वाटतं, आमच्या बावड्यासारख्या गावातल्या मुलींनी ही जुनी कला हातात घ्यावी.

‘आता मोबाईल असताना हे कशाला?’ असं कुणी विचारेलच. मोबाईलमध्ये बटण दाबलं की संपलं. इथे उजेड, वेळ, पाणी, रसायन सगळं आपल्या हातात असतं. पुस्तकातलं विज्ञान डोळ्यांसमोर कागदावर उमटतं.

काळं कापड डोक्यावर घेऊन पाहायचा तो मोठा कॅमेरा आणि त्याची ४ बाय ५ इंचाची फिल्म आजही मिळते, पण स्वस्त नाही. ती फिल्म भरायची म्हणजे मिट्ट काळोखात, बोटांनी चाचपून. सुरुवात मात्र साध्या पत्र्याच्या डब्यावर होते. डबा आतून काळा रंगवायचा, पातळ पत्र्याला सुईने बारीक भोक पाडून तो समोर बसवायचा आणि भोकावर काळी चिकटपट्टी लावायची. लाल दिव्याच्या उजेडात आत ब्लॅक अँड व्हाइट फोटोचा कागद लावून झाकण घट्ट बसवायचं. बाहेर उन्हात डबा न हलवता पट्टी काढायची आणि अर्ध्या-एक मिनिटाने परत लावायची. वेळेचा अंदाज दोन-चार कागद वाया गेले की येतोच, पहिल्या भाकरीसारखा.

मग लाल दिव्यातच तीन ट्रे मांडायचे: डेव्हलपर, साधं पाणी आणि हायपो. डेव्हलपर साधारण २० अंशाचा लागतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याचा ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवावा लागेल. कागदावर काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं उमटतं. तो धुऊन वाळवला की नव्या कागदावर पालथा घालायचा, वर काच दाबायची, क्षणभर बल्ब लावायचा आणि नवा कागद पुन्हा त्याच तीन ट्रेंमधून काढायचा. झाला सरळ फोटो! वेगळं मशीन लागत नाही.

एक सांगते, मैत्रिणींनो, यासाठी स्वयंपाकाची भांडी अजिबात वापरू नका. खोलीत हवा खेळती ठेवा आणि वापरलेला हायपो विहिरीत, शेतात ओतू नका.

शाळेची एक रिकामी खोली आणि रसायनाची माहिती असलेले एखादे सर किंवा बाई एवढ्यावर हे सुरू होऊ शकतं. मंडळाने कागद-रसायनाचा खर्च उचलावा. आणि मुलीचा पहिला फोटो वाळला की त्याच्या मागे पेन्सिलीने तारीख घालून तिचं नाव तिच्याकडूनच लिहून घ्यावं, पूर्ण नाव.