नाव चुकले की कागद हरवला

माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक सरकारी कार्यालयाने आपले अभिलेख सूचीबद्ध ठेवायचे आहेत. दिल्लीत अनुवादासाठी जुने कागद धुंडाळताना मला दिसते ते असे: स्कॅनिंगचा गाजावाजा, सूचीकडे दुर्लक्ष. सूची असलीच तर इंग्रजीत. कंपनीच्या कागदांत शिंदे 'सिंदिया' झाले, पुणे 'पूना', वसई 'बसीन'. मराठी वाचकाने 'शिंदे' शोधले की उत्तर शून्य. कागद दडवायला कुलूप लागत नाही. परक्या नावाची एकच नोंद पुरते. सूचीकारही अनुवादकच असतो. म्हणून मागणी साधी आहे: प्रत्येक नोंदीत दोन्ही नावे हवीत, देवनागरीतही. माहिती देताना स्थानिक भाषेचा विचार करा, असे तेच कलम सांगते. ही मेहेरबानी नव्हे, कायदा आहे.