धानाच्या शिवारातील कडधान्ये आणि आपली चूल

कडधान्यांविषयी आपल्या पत्रिकांतून जे लिहिले जाते ते बहुधा बियाण्याच्या प्रमाणापासून सुरू होते आणि मळणीपाशी संपते. दाणा खळ्यावरून घरात आला की आपले काम संपले, अशी समजूत त्यामागे दिसते. ही समजूत आता सोडावयास हवी. तसे म्हणण्याचे मुख्य कारण लाखोरी हे आहे.

पवनी तालुक्यातील कोंढा व त्याच्या आसपासचा सपाट, कसदार प्रदेश चौरास या नावाने ओळखला जातो. येथील मुख्य पीक धान. धान कापणीस येण्याच्या सुमारास बांधीतील ओलीवर लाखोरीचे बी फेकावयाचे, की नांगरट नाही, पाणी नाही, खत नाही; धान निघून जातो आणि त्याच्या धसकटांतून लाखोरी वर येते. या उतेरा पद्धतीइतके कमी खर्चाचे दुसरे पीक क्वचितच सापडेल. जमिनीस नत्र मिळते, जनावरांस कुटार मिळते, आणि घरात डाळ येते. पावसाने दगा दिला तरी लाखोरी तग धरते. हाच तिचा मोठा गुण आणि हाच तिचा धोकाही.

कारण ज्या वर्षी दुसरे काहीच पिकत नाही, त्या वर्षी गरिबाच्या घरी लाखोरीच तेवढी उरते. पूर्वी मध्य प्रदेशातील रीवा भागात शेतमजुरांना मजुरीच लाखोरीच्या रूपाने मिळे. महिनोन् महिने तेच अन्न खाल्ल्याने अनेक धडधाकट तरुणांच्या पायांतील शक्ती गेली आणि ती पुन्हा परतली नाही. या पांगळेपणावर औषध नाही. 1961 साली केंद्र शासनाच्या नियमांनी लाखोरीच्या विक्रीस मनाई करण्यात आली. 1964 साली भारतीय शास्त्रज्ञांनी तिच्यातील विषारी अमिनो आम्ल वेगळे काढून दाखविले. ते आज ओडॅप या नावाने ओळखले जाते. मनाई झाली म्हणून झाडीपट्टीतील पेरणी मात्र थांबली नाही.

आज या प्रश्नावर दोन प्रकारचे लोक भेटतात. एक म्हणतात, हे विष आहे, शिवारातून काढून टाका. दुसरे म्हणतात, आमच्या आजोबांनी आयुष्यभर खाल्ली, त्यांस काही झाले नाही. आमच्या मते दोघेही अर्धेच बोलतात. आजोबांच्या ताटात लाखोरीबरोबर भात होता, धुऱ्यावरची तूर होती, परसातला पोपट होता, बरबटी होती. लाखोरी त्या ताटातील एक पदार्थ होती, सारे ताट नव्हती. ती ज्यांचे सारे ताट झाली, त्यांचे पाय गेले. तेव्हा लाखोरीवर खरा उपाय मनाईपेक्षा शेजारच्या डाळीत आहे.

शिजविण्याची रीतही तितकीच महत्त्वाची. हे विष पाण्यात विरघळते, म्हणून डाळ नुसती शिजवून भागत नाही. पाणी ओतून टाकावे लागते. लाखोरीची डाळ कडकडीत गरम पाण्यात काही तास भिजवावी, ते पाणी टाकावे, पुन्हा भरपूर पाण्यात उकळून तेही पाणी काढावे आणि मग फोडणी द्यावी. विषाचा पुष्कळसा भाग याने निघून जातो. सर्व जातो असे मात्र समजू नये. वडे करावयाचे असल्यास याच रीतीने गरम पाण्यात भिजवून निथळलेली डाळ वाटावी. लाखोरीच्या पिठाचा झुणका मात्र टाळावा. पिठाचे पाणी ओतता येत नाही, आणि सारे विष भांड्यातच राहते. घरोघरी सांगण्यासारखी गोष्ट म्हणाल तर ही.

पोपट म्हणजे कोकणात ज्यास वाल म्हणतात तो. ओल्या दाण्यांची वांग्याबरोबर केलेली भाजी कोणास शिकवावी लागत नाही. वाळलेला दाणा मात्र रात्रभर भिजवावा, पाणी फेकावे, आणि बोटाने दाबला असता पूर्ण चिरडेल इतका शिजवावा. अर्धवट शिजलेला पोपट कडू लागतो व पोटही बिघडवितो. बाजारातून राजमा आणल्यास त्यास तर किमान दहा मिनिटे खळखळून उकळी येऊ द्यावी, मंद आचेवर ठेवू नये. याउलट मूग व बरबटी यांचे भिजविलेले पाणी टाकण्याचे कारण नाही, त्याबरोबर सत्त्वच वाया जाते. मुगास मोड आणल्यास क जीवनसत्त्व वाढते, हा लाभ फुकटचा आहे.

उसळीत गणंग राहतात म्हणून पुष्कळ घरी चिमूटभर सोडा टाकतात. दाणा लवकर मऊ होतो हे खरे, परंतु ब गटातील एक जीवनसत्त्व त्याने नष्ट होते. चिंच किंवा टमाटा दाणा शिजल्यानंतरच घालावा. आंबट आधी पडले की दाणा ताठ राहतो, आणि दोष बिचाऱ्या बियाण्यास दिला जातो!

2016 साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने कमी विषाच्या रतन, प्रतीक व महातिवडा या वाणांस अनुकूल मत दिले. हे स्वागतार्ह आहे. परंतु बी बदलले म्हणून ताट बदलत नाही, आणि ताटाची बाजू आज अधिक दुबळी होत आहे. गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी 1988 साली झाली. त्याचे पाणी जेथे पोहोचले तेथे उन्हाळी धानाची ओढ वाढणे स्वाभाविक आहे. मात्र बांधीत दोन वेळा धान घेतला की कडधान्यास जागा उरते कोठे? भातात लायसीन हे अमिनो आम्ल कमी असते व ते डाळीत भरपूर असते. दोहोंनी मिळूनच पोषण पुरे होते. धान विकून डाळ विकत आणू, असे हिशेबाने म्हणता येते. पण विकतची डाळ महागली की घरात भाताचे प्रमाण वाढते व डाळीचे पाणी होते, हे आपण सारे जाणतो.

म्हणून ग्रामकार्यकर्त्यांस आमची सूचना अशी की कडधान्याचे प्रात्यक्षिक शेतात घेतल्यावर त्याच दिवशी अंगणवाडीत किंवा कोणाच्या ओसरीवर दुसरे प्रात्यक्षिक चुलीपाशी घ्यावे. लाखोरीचे पाणी सर्वांसमोर ओतून दाखवावे. जमलेल्या बायामाणसांस विचारावे की घरात आज किती प्रकारची डाळ आहे. ज्या घरी एकट्या लाखोरीचे नाव निघेल, त्या घरी जाताना पोपटाचे मूठभर बी बरोबर न्यावे. कुंपणालगत चार वेल लावण्यास बांधी लागत नाही.