नाव चुकलंय

आइन्स्टाइनियम हे नाव मला खटकतं.

९९ क्रमांकाच्या या मूलद्रव्याबद्दल रील्समध्ये सांगतात, 'योगायोगाने सापडलं.' कसला योगायोग? १ नोव्हेंबर १९५२ ला अमेरिकेने मार्शल बेटांतल्या एनेवेटॅकवर हायड्रोजन बॉम्बची पहिली मोठी चाचणी केली. एलुगेलाब नावाचं अख्खं बेट गायब झालं. तिथल्या लोकांना १९४७ मध्येच उजेलांगला हलवलं होतं. परतायला १९८० उजाडलं. ढगातून विमानं नेऊन फिल्टर पेपरवर धूळ पकडली. त्यातला एक वैमानिक, जिमी रॉबिन्सन, परत आलाच नाही. त्या धुळीत, आणि मग तिथून आणलेल्या प्रवाळात, नवं मूलद्रव्य निघालं. युरेनियम-२३८ च्या अणूने क्षणार्धात १५ न्यूट्रॉन गिळले आणि बीटा क्षय होत होत तो ९२ वरून ९९ वर पोहोचला. विज्ञान म्हणून भारीच आहे, नाकारत नाही.

पण नाव कुणाचं? १९५० मध्ये टीव्हीवर याच बॉम्बविरुद्ध बोललेल्या माणसाचं! गुप्ततेमुळे ते जाहीर झालं १९५५ मध्ये, तोवर आइन्स्टाइन वारले होते.

कुणी म्हणेल, नावात काय, ते नुसतं व्हेरिएबल. मग दुसऱ्याने लिहिलेला कोड एकदा वाचून बघा. बर्कलीच्या याच मंडळींनी आधीच्या दोन मूलद्रव्यांना आपल्या गावाचं आणि राज्याचं नाव दिलं होतं: बर्केलियम, कॅलिफोर्नियम. म्हणजे प्रयोगशाळेचं गाव तक्त्यात, आणि उडवलेलं बेट कुठेच नाही. एनेवेटॅकियम उच्चारायला अवघड वाटतं? प्रासिओडिमियम पाठ केलंच की आपण.